मान डावीकडे अडकली

सोमवार, ६ जानेवारी १९६९

मान अडकली! डावीकडे. सकाळी अप्पांनी हाक मारली तर मानेऐवजी मी सगळीच वळले, कपाटासारखी. वडील असून हसले!

पण मानेनं तरी काय करावं? दिवसभर टाइपरायटरवर वाकायचं, आणि मूळ कागद डाव्या हाताला, टेबलावर सपाट पडलेला.

कचेरीत गोमा शिपाई म्हणाला, "बाई, त्या खिडकीत काय बगताव?" म्हटलं, खिडकीत काही नाही रे. मान तिकडं आहे.

मंगळवार, ७ जानेवारी

शेजारच्या अंबूबाईंनी तापलेल्या विटेचा शेक दिला. आता मान अडकलेली आहे आणि भाजलेलीही.

गुरुवार, ९ जानेवारी

आज तीन चुका. आमचा शेतकऱ्यांचा 'भात संघ', मी टाइप केलं 'भूत संघ'! हेडक्लार्क नाना चष्म्यावरून बघत म्हणाले, "द्वारकाबाई, तुमची नेमणूक तात्पुरती आहे. मार्चमध्ये कायम व्हायचं असेल तर—" कळलं. अप्पा शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून घरात मिळवती मी एकटी.

शनिवार, ११ जानेवारी

नेरळच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. पूर्वी लष्करात होते. मला वाटतं अजून आहेत! "बसा! टाइप करा!" टाइपरायटर कुठला? हवेतच टाइप केलं. "खांदे कानांना का लावता?"

मग हुकूम सुटले. खुर्ची उंच हवी, कोपर टेबलाच्या पातळीला. पाय लोंबकळले तर खाली काहीतरी ठेवा. कागद समोर, डोळ्यांच्या उंचीवर उभा. दर तासाला खांदे गोल फिरवा, हनुवटी आत घ्या, मान हळूहळू डावीकडे, उजवीकडे. जाईल तेवढीच. झटका दिलात तर खबरदार!

गोळी एकही नाही. अप्पा म्हणतात, हा डॉक्टर खोटा असणार.

सोमवार, १३ जानेवारी

गोणपाटाच्या चार घड्या खुर्चीवर. पायाखाली अंबूबाईंची वीट (थंड). आणि घरचा पोळपाट! टाइपरायटरमागे भिंतीला टेकवून उभा केला, कपड्यांच्या चिमट्यानं त्याला कागद लावला.

नाना बराच वेळ बघत होते. "लाटणं विसरलात?"

गुरुवार, १६ जानेवारी

मान उजवीकडे दोन बोटं सरकली!!

सोमवार, २० जानेवारी

काय हा गोंधळ! शुक्रवारी अकरा वाजता मी डोळे मिटून व्यायाम करत होते. तेवढ्यात पळसदरीचा पोशा नावाचा शेतकरी खिडकीशी आला म्हणे. त्यानं विचारलं, अर्ज घेता ना? माझी मान डावीकडे, उजवीकडे, डावीकडे... तो बिचारा घरी गेला.

आज भावाला घेऊन भांडायला आला. "ही बाई मला तीनदा नाय म्हनली! तोंडातून शबुद नाय, नुसती मान!"

नानांनी अर्ज स्वतः घेतला, शिक्का मारला. वाटलं, आता व्यायाम बंद. तर म्हणाले, "उद्यापासून डोळे उघडे ठेवून करा."

सोमवार, २७ जानेवारी

गोमाही करतो आता. दोन्ही कारकूनसुद्धा. नाना तेवढे करत नाहीत. पण घड्याळाकडे बघून "तीन वाजले" म्हणतात तेच.

गुरुवार, ३० जानेवारी

मेलो आम्ही सगळे! अलिबागहून जिल्ह्याचे साहेब आले, न कळवता. तीन वाजून दोन मिनिटं. दारातूनच विचारलं, "काय, कामं वेळेवर होतात ना?"

अख्ख्या कचेरीची मान एका तालात. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.

मग साहेबांना पोळपाट दिसला. "हे काय आहे?" गोमा म्हणाला, "पोलपाट हाय, साहेब."

"हा तमाशा कोणी सुरू केला, लेखी कळवा!" चहासुद्धा न घेता गेले.

शुक्रवार, ३१ जानेवारी

नानांनी खुलासा सांगितला, मी टाइप केला. "सदर प्रकार तात्पुरत्या टंकलेखिका कुमारी द्वारका यांनी सुरू केला—" माझं नाव मीच बडवलं, तीन प्रतींत! एकही चूक नाही. मान जराही दुखली नाही. रडू मात्र आलं.

नाना कागद घेऊन गेले. अप्पांना काय सांगू?

सोमवार, १० फेब्रुवारी

अलिबागचं पत्र आलं. बदली, श्रीवर्धनला. माझी नाही—नानांची! निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या माणसाची. पत्राला त्यांचा खुलासा जोडलेला होता. हातानं लिहिलेला. "सदर व्यायाम मी सुरू केले." माझं नावच नाही त्यात.

विचारलं, "नाना, असं का केलंत?"

ते खण रिकामा करत होते. "श्रीवर्धनला खुर्च्या कशा आहेत कोण जाणे," म्हणाले. "किती उंच हवी, तेवढं लिहून द्या."