हृदयाजवळचा आकडा

६ जानेवारी, सोमवार. बारामती.
मी, शशिकांत रामचंद्र भोसले, वय छप्पन, बी. कॉम., पतसंस्थेचा अंतर्गत लेखापरीक्षक. इंदापूरचे थोरले बंधू आबा यांनी रक्तदाबाची गोळी बंद केली आहे. ती पुन्हा सुरू होईपर्यंत जे घडेल ते लिहून ठेवणे, एवढाच हेतू.

कारण, काल तिथल्या शिबिरात टाय लावलेल्या एका पोराने गळ्यात मारलेले यंत्र. बोटाला चिमटा, आत हिरवा दिवा. म्हणे दंडातला नव्हे, थेट हृदयाजवळचा दाब सांगते. प्रत्यक्षात आधी दंडाला पट्टा बांधायचा, तो आकडा यंत्रात भरायचा, मग यंत्राने बोटातल्या ठोक्यांवरून अंदाज बांधायचा. अंदाजाला मोजमाप म्हणणारे कारकून मी घरी बसवले आहेत.

दंडात १४६, यंत्रात १३२. आबा फोनवर खूश. "एकशेचाळीसच्या आत हाय की! आत बसल्याला मालक खरा, का दारावरचा वॉचमन?"

८ जाने., बुधवार.
डॉ.ना विचारले. हृदयाजवळचा आकडा दंडापेक्षा सहसा कमीच. १४० ही मर्यादा दंडाची, तिथली नव्हे. गोळी मुळीच सोडू नये. म्हणजे घाऊक भाव किरकोळीच्या दराशी ताडायचा आणि स्वस्ताई झाली म्हणून नाचायचे! आबांना हे सविस्तर सांगितले.
"शशा, तू ऊस बी फूटपट्टीनं मोजशील."
फोन बंद. असो.

११ जाने., शनिवार. इंदापूर.
सकाळच्या एस.टी.ने आलो. वहिनी दारातच, हळू आवाजात: "भावजी, दोन दिस झालं डोकं दुखतंय म्हनत्यात. तुमास्नी सांगू नको म्हनले."

पट्टा बांधला: १६८. चिमटा लावला: १३३. कारण यंत्रात अजून शिबिरातलाच १४६! जुनी शिल्लक तशीच पुढे ओढलेली.
"आबा, नवा आकडा भरा."
"कशाला? जुना चांगला हाय."
उत्तर जसेच्या तसे नोंदवले.

शेवटी त्यांचीच अट. "तू बोट घाल, मी गोळी खातो." पोरखेळ; पण घातले. आबांनी चष्मा चढवून मोठ्याने वाचले, "एकशेअडतीस! माझ्यापरीस जास्त! आरं, मंग तूच खा की गोळी!" वहिनीही हसल्या. दंड आबांचा, बोट माझे. त्या आकड्याला काडीची किंमत नाही.

आबांनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायले. गिळली की गालात धरली, हे मी प्रमाणित करू शकत नाही.

शशिकांत रा. भोसले
इंदापूर, ११ जानेवारी