अक्काला माहेरी सोडलं

७ जानेवारी
अक्काचा हात तव्याला चिकटला. कातडं जळल्याचा वास मला आला, तिला चटकासुद्धा कळला न्हाई. भाकरी उलटतच होती. थोरली जाऊ ती, पण मोठे दीर गेल्यापासून या घरात मला आई तीच. बाही वर करून बघितली तर कोपराजवळ फिकट चट्टा. दोन वर्षांचा. करंगळी आखडलेली. “दुखंना, मग सांगू काय?” म्हणाली.

९ जानेवारी
सासूबाईंना कळलं. पदर तोंडावर धरून म्हणाल्या, रगतपिती. अक्काच्या बापानं रानात नाग मारला होता, त्याचा दोष. नवस बोलायचा, दवाखाना न्हाई. हे उठून बाहेर गेले. आमच्या मेघाचं लग्न नौबादला जमत आलंय. पाहुण्यांना कळलं तर...
शाळेत दरसाल पोरांना मीच सांगते, चट्टा दिसला की दवाखाना. घरात मात्र मीच म्हणाले, साखरपुडा होऊ दे.

५ मार्च
साखरपुडा परवा झाला. आज अक्काला घेऊन बीदर. औरादला नको, तिथली नर्स ओळखीची.
डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले, पेनाचं टोक टेकवलं. कुठं लागतंय दाखवा. अक्काला दाखवता येईना. कुष्ठरोगच. वर्षभर गोळ्या, फुकट. रोग बरा होईल. बोटाचं सांगता येत नाही. “जरा आधी आणायचं होतं.”
किती आधी, विचारलं न्हाई.

१९ एप्रिल
अक्का काळी पडायलीय. गोळ्यांनी होतं, नंतर उतरतं, डॉक्टर बोललेच होते. सासूबाई म्हणतात, दोष अंगावर उठला. ताट अक्कानं आपणच वेगळं केलं. मी ओढून घेतलं तर म्हणाली, “राहू दे ग. लग्नघर हाय.”

२४ एप्रिल
लग्न होईस्तोवर म्हणून ह्यांनी तिला माहेरी सोडलं. पिशवीत गोळ्यांची दोन पाकिटं मी घातली. अडवलं न्हाई.

१८ मे
लग्न पार पडलं. मेघा विचारत होती, मोठी आई कुठाय? तिचे पाय सुजलेत, मी म्हणाले. पटकन सुचलं.

२६ मे
तिसरं पाकीट घेऊन अक्काकडे गेले. गोठ्याला लागून छप्पर, त्यात बाज. काळी पडली म्हणून भावानं गोळ्या बंद केल्यात, दंडात दोरा बांधलाय. एक पाकीट फोडलेलंसुद्धा न्हाई. करंगळीशेजारचं बोटही वाकायलंय.
“मेघाचं झालं?”
व्हय म्हणाले.
“मला कामून कळवलं न्हाई?”
मी घरी चल म्हणाले.
“कोणाच्या?”
पाकीट हातात दिलं. तिनं धरलं, उशाला ठेवलं. घेईन म्हणाली न्हाई, घेणार न्हाई असंही न्हाई. शाळा उघडायच्या आत गाडी करून न्यायला येते, सांगून आले.
ह्यांना अजून बोलले न्हाई. जेवायला वाढून इथं लिहीत बसलेय. बाहेर ताटं वाजायलीत.