शेखरभाऊंच्या माजघरातलं भूत

परतवाडा,
भाद्रपद संपत आला

चि. गोवर्धन यास,

अक्काचे पोटभर आशीर्वाद. तुझ्या बीपीचं कसं आहे? गोळी रोज घेतोस की चक्कर आली म्हणजे घेतोस? सुभद्राची टाच थांबली का दुखायची? तिला म्हणावं, गरम विटेवर रुईचं पान ठेव आणि त्यावर टाच टेक. लाज वाटत असेल तर दार लावून टेक. तुझ्या सासूबाईंना आता ऐकू येतं का, की अजून सगळ्यालाच हो म्हणतात? (मागच्या खेपेला मी त्यांना पाणी पाहिजे का विचारलं, तर हो म्हणून उठून देवळात गेल्या.) आणि वर्षालीचा घसा कसा आहे? तिच्या घशाला जपा, कारण मी आज ज्या संकटात आहे त्याचं मूळ तो घसाच आहे. माझी तब्येत तशी उत्तम. फक्त जेवण जात नाही, झोप लागत नाही आणि दार वाजलं की मी दिवा मालवून बसते.

तू म्हणशील, घरात मोबाईल असताना अक्का पत्र काहून लिहून राहिली. बाबा रे, मोबाईल मी फडक्यात गुंडाळून गव्हाच्या कोठीत ठेवला आहे. तुझ्याच लेकीनं, वर्षालीनं, पॉडकास्टमध्ये सांगितलं की कोण कोणाचा फोन ऐकते याचा काही भरवसा राहिला नाही. तेव्हापासून मी कोठीजवळसुद्धा हळू बोलते.

आता हे पॉडकास्ट म्हणजे काय, हे तुला बापाला मी सांगायला नको, पण तू ते ऐकत नाहीस हे मला ठाऊक आहे. शेजारच्या करिश्मानं मला ते मोबाईलमध्ये लावून दिलं. मी गजरे करायला बसले की मोबाईल फुलांच्या टोपल्यात ठेवते आणि वर्षाली बोलत राहते. एका आठवड्याला ती शोधपत्रकारिता सांगते, म्हणजे कोणी कुठं काय लपवलं ते उकरून काढते. दुसऱ्या आठवड्याला गोष्ट सांगते, ती मनानं रचलेली. आज काय आहे हे ती सुरुवातीलाच सांगते म्हणे. पण सुरुवातीला मी शेवंतीवर पाणी शिंपडत असते, त्यामुळं ते माझ्या कानावर कधी आलं नाही. मी माझं ठरवून टाकलं होतं. ज्यात नाव, गाव, पत्ता, त्या बाईच्या लुगड्याचा रंग असं सगळं आहे, ते खरं. आणि ज्यात ‘एका गावात एक व्यापारी होता’ असं आहे, ती गोष्ट. तूच सांग, लहानपणापासून आपण गोष्ट अशीच ऐकली की नाही?

तर त्या दिवशी लागलं ते असं, की जंगलाच्या पायथ्याशी एक बाजाराचं गाव, तिथं एक अडत्या, त्याच्या खिशात एक बटन. माल काट्यावर चढला की तो खिशात हात घालतो आणि वजन कमी होतं. मधेच एक बाई बोलायला लागली, तर आवाज असा की जशी विहिरीच्या तळातून बोलून राहिली. अंगावर काटा आला माझ्या. मी समजले, ही भूत झालेली भाजीवाली. हर्राशीच्या बोलीत फसली, जिवानं गेली आणि आता त्या अडत्याच्या मागं लागली. वर्षालीनं भूत बाकी छान उभं केलं, असं मी मनात म्हटलं.

इथवर काही बिघडलं नव्हतं. पण पुढं महालक्ष्म्या आल्या.

शेखरभाऊ अडते तुला माहीतच आहेत. माझा झेंडू अन् शेवंती त्यांच्याच अडतीवर जाते. त्यांच्याकडं महालक्ष्म्या मोठ्या थाटात बसतात आणि हार माझ्याकडचे असतात. हार देऊन मी निघाले, तर त्यांच्या बायकोनं, रूपालीनं बसवून घेतलं. माजघरात सोळा भाज्या चिरायला दहा-बारा बाया बसल्या होत्या. शेखरभाऊंची आई गंगूबाई म्हणाली, “अव सत्यभामे, हात चालतात तं तोंडबी चालू दे. सांग एखांदी काहानी.”

आता मला गोष्ट सांगायला कोणी म्हटलं की माझं भान राहत नाही, हे तुला नवीन नाही. मी ती भुताची गोष्ट काढली. पण वर्षालीच्या गोष्टीतल्या अडत्याला ना नाक ना डोळे. असा माणूस गोष्टीत उभा राहत नाही. म्हणून मी त्याला थोडं अंग दिलं, आणि अंग देताना डोळ्यापुढं जे दिसलं ते देत गेले. समोर पितळी कड्यांचा झोपाळा दिसला, त्याला झोपाळ्यावर बसवलं. कोनाड्यात बडीशेपेचा डबा दिसला, तो त्याच्या हातात दिला. खुंटीवर पोपटी दुपट्टा होता, तो गळ्यात टाकला. मग भुताला विहिरीतून काढून मी त्याच्या मागं उभं केलं आणि आवाज काढून विचारलं, “काहून रे, माह्या वांग्याचं वजन कुठं गेलं?”

बायांचा हुंकार केव्हा थांबला, मला कळलं नाही. विळ्याही थांबल्या होत्या. एक गंगूबाई तेवढी रंगली होती. “मंग? मंग काय झालं व? धरलं का त्या मेल्याले?” रूपाली भोपळ्यासारखी पिवळी पडली होती. मी मागं वळून पाहिलं, तर दारात शेखरभाऊ. गळ्यात तसाच पोपटी दुपट्टा, मुठीत बडीशेप. मला म्हणाले, “चांगली आहे गोष्ट, बाई. कोनाची म्हनावं?” आणि मी अभिमानानं सांगितलं, “माह्या भाचीची.”

घरी येऊन करिश्माला हे सांगितलं, तर ती खालीच बसली. “अव मावशे, ते गोष्ट नोती, ते शोधपत्रकारिता होती. नावं लपवतात त्याच्यात. अन् ते भूत नोय, त्या बाईचा आवाज बदलवला आहे, वळखू येऊ नये म्हनून.” मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की वर्षाली उन्हाळ्यात माझ्याकडं राहून रोज बाजारात का जात होती. मी समजत होते पोरीला झेंडूची आवड आहे.

तेव्हापासून शेखरभाऊ माझ्याशी फार गोड वागून राहिले, गोवर्धन. शिव्या दिल्या असत्या तर मी जेवले असते. आता हर्राशीत माझं टोपलं आधी घेतात, खुर्ची देतात, चहा पाजतात आणि विचारतात, “भाची पुन्हा कधी येते, बाई?” मागच्या आठवड्यात घरी पुरणपोळ्यांचा डबा पाठवला. त्याच्या आदल्याच आठवड्यात वर्षालीच्या गोष्टीत एक बाई बासुंदी खाऊन मेली होती. (ती गोष्टच होती, हे आता करिश्माकडून विचारून घेतलं आहे, पण पुरणावर भरवसा कसा ठेवू?) खाववेना, कोणाला देववेना. शेवटी परसात शेवंतीच्या मुळाशी पुरल्या. शेवंती काही मेली नाही, उलट जोमात आहे, तरी मी ते फूल अजून देवाला वाहिलं नाही.

म्हणून तुला हात जोडून सांगते, वर्षालीला म्हणावं, पुढच्या भागात आधी खुलासा कर, की माझ्या आत्याला यातलं काही ठाऊक नाही, तिनं मला काही सांगितलं नाही, ती तर याला भूत समजत होती. माझी अब्रू गेली तर जाऊ दे. मला त्याच बाजारात माल घालायचा आहे.

तुझी
अक्का

ता. क. पत्र डकवलं नाही ते बरं झालं. आज दुपारी ते भूत माझ्या घरी येऊन बसून गेलं. कोण, कुठली, टोपल्यात काय विकते, ते लिहीत नाही. इतकी वर्षं बाजारात माझ्याजवळ बसते आणि मी तिचा आवाज ओळखला नाही. तिचा लेक त्या काट्यावरच कामाला आहे. बटन त्यानंच पाहिलं आणि आईजवळ बोलला. आता शेखरभाऊंनी बटन काढून टाकलं आहे, सगळ्यांचं वजन बरोबर उतरून राहिलं. पण सांगितलं कोणी, हे त्यांना पाहिजेच आहे. ती बाई माझ्यापुढं रडली नाही, नुसता कप धरून बसली. चहा निवून गेला.

ता. क. दुसरं. वर्षालीला खुलासा करू देऊ नको. वरचं सगळं खोडलं समज. शेखरभाऊ माझ्याकडं पाहतात तोवर दुसरीकडं पाहत नाहीत. माझ्या लेकरांचं पोट काही त्यांच्या काट्यावर नाही, आणि म्हातारीला फार तर ते आणखी पुरणपोळ्या पाठवतील. मी आज त्यांना सांगून आले की भाची दिवाळीला येणार आहे, आणि मला सगळं विचारूनच बोलते. सांगताना आज खुर्ची मी स्वतःच मागून घेतली.

उत्तर लवकर लिही. पोस्टमन आला तरी मी आता आधी खिडकीतून पाहते, पण तू लिही.