दातदुख्या राजाची खरी गोष्ट

तीर्थरूप ताईच्या पायाशी, तिच्या मागेमागे फिरणाऱ्या शेपटाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा फक्त कागदावरचा. प्रत्यक्षात उजवा गुडघा वाकायला तयार नाही, तेव्हा एक अंग कमी धरावं.)

तुझी तब्येत कशी आहे हे मुद्दामच विचारत नाही. विचारलं की तू "मला काय धाड भरलीय" म्हणतेस आणि विषय तिथेच संपतो. आम्ही सगळे बरे आहोत. दवाखाना चालू आहे, लोक गोड खात आहेत, दात किडत आहेत, देवाची कृपा आहे.

हे पत्र तुझ्या नावाने न येता सूनबाईच्या नावाने आलं म्हणून रुसली असशील, तर खुशाल रुस. ते तिने तुला मोठ्याने वाचून दाखवायचं आहे. तसं का, ते पुढे येईलच. (सूनबाई, तुझ्या सासूचा भाऊ या नात्याने तुला एक सूचना. कंसातला मजकूर तुझ्यापुरता आहे. तो मनातल्या मनात वाचायचा आणि चेहरा सरळ ठेवायचा. वरचा गुडघ्याचा कंस चुकून मोठ्याने वाचला असशील तर हरकत नाही, ती बातमी तिला कळायलाच हवी होती.) फोन का केला नाहीस, असंही तू विचारशील. ताई, गेले काही दिवस फोनवर मी डोळ्यांचं नाव काढलं की तुझे कान जातात. "आवाज तुटतोय रे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून पत्र. आणि घाबरू नकोस, डोळ्यांबद्दल या पत्रात मी अवाक्षर काढणार नाही. विषय अगदीच वेगळा आहे. आपलं परीकथांचं पुस्तक सापडलं.

होय, तेच. हिरव्या कापडी बांधणीचं, भिंतीत वीट म्हणून बसवता येईल एवढं जाड, पानोपानी रंगीत चित्रं असलेलं. मुखपृष्ठावरच्या परीचा एक पंख उंदराने खाल्ला होता ना, ती उरलेल्या पंखावर अजून उडते आहे. हे पुस्तक कुणी हरवलं यावरून आपण किती भांडलो! तू म्हणायचीस माझ्याकडे, मी म्हणायचो तुझ्याकडे. मधे काही काळ तू तुझ्या सासूबाईंवरही आळ घेतलास. बिचाऱ्या गेल्या, पण निर्दोष होत्या. पुस्तक इतकी वर्षं माझ्याच दवाखान्यात होतं, माझ्या डोळ्यांसमोर, किंवा खरं सांगायचं तर माझ्या पेशंटांच्या खाली.

झालं असं की, दवाखाना उघडला तेव्हा खुर्ची एकच होती आणि ती मोठ्यांच्या मापाची. लहान मूल तिच्यात बसलं की आत रुतायचं आणि मला नुसती शेंडी दिसायची. तेव्हा आईने लाल रेक्झिनची एक उशी शिवून दिली. उशी भलतीच कडक होती, पण आईने शिवलेली. कडक आहे म्हणायची कुणाची छाती? त्या उशीवर आमच्या भागातली एक अख्खी पिढी बसून रडली, आणि आता त्यांची पोरं बसून रडतात. आतमध्ये कापूस असावा, फार तर लाकडाचा तुकडा असावा, अशी माझी समजूत. आई व्यवहारी बाई होती. मुलं मोठी झाली, आता हे पुस्तक वाचणार कोण, निदान कुणी बसेल तरी, असा तिने विचार केला असणार. परीकथांवर इतकी मुलं बसली आणि एकानेही वाचल्या नाहीत, असं दुसरं पुस्तक जगात नसेल.

ती उशी उसवली आमच्या वकिलीणबाईंनी, म्हणजे माझ्या नातीने. (नाव वेगळं आहे, पण घरात कुणी ते वापरत नाही. शाळेतून सुटली की ती थेट दवाखान्यात येते आणि पेशंटांची उलटतपासणी घेते.) तिचा पुढचा दुधाचा दात हलतो पण सुटत नाही, आणि मागून नवा दात आडवा डोकावतो आहे. तो दुधाचा वेळेवर काढला नाही तर नवा वाकडा बसणार. पण आजोबा दातांचे डॉक्टर असले की नातीच्या तोंडाला कुलूप लागतं. शेवटी मी तिला खुर्चीत उशीवर बसवलं आणि माझं हुकमी औषध काढलं: दातदुख्या राजाची गोष्ट. तू वाचून दाखवायचीस तीच. मी आजवर प्रत्येक मुलाला ती सांगून तोंड उघडायला लावलंय. राजाचा दात दुखतो, दुखऱ्या दाताने तो उलटसुलट न्याय देतो, भल्याभल्यांना तुरुंगात टाकतो. पण राजाच्या तोंडात हात घालणार कोण? मग भलीमोठी पिशवी आणि चिमटा घेऊन एक साधा माणूस येतो आणि म्हणतो, "महाराज, आ करा." दरबार थरथर कापतो, कारण राजाला आजवर कुणी हुकूमच केलेला नसतो. राजा म्हणतो, "आधी कुणीतरी माझा हात धरा." कुणाची हिंमत होत नाही. तेव्हा राजाचा धाकटा भाऊ पुढे येतो आणि हात धरतो. दात निघतो, राजा हसतो, तुरुंग रिकामे होतात.

ही गोष्ट मी सांगत असताना वकिलीणबाई उशीच्या शिवणीतला दोरा ओढत होत्या. "चिमटा" म्हणायच्या सुमाराला शिवण उसवली आणि आतून हिरवा कोपरा बाहेर आला. मी ओरडलोच. इतक्या जोरात, की बाहेर बसलेले दोन पेशंट उठून निघाले. आत काय चाललंय अशी त्यांची समजूत झाली असणार. मी पुस्तक काढलं, छातीशी धरलं, आणि अभिमानाने राजाच्या चित्राचं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. बघ, म्हटलं, हा राजा, गालाला हात लावून बसलेला. हा चिमटेवाला. हा हात धरलेला धाकटा भाऊ. या तोंडावर पदर धरलेल्या बायका, म्हणजे पुढचे नंबर.

ती आता घडाघडा वाचते, हे मी विसरलो होतो. तिने चित्राखालचं वाचलं, मग अलीकडचं पान वाचलं, मग पलीकडचं. आणि दरवाजा उघडा असताना, बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजोबा, यात दाताचं काहीच नाहीये."

ताई, खरंच नाहीये. पुस्तकातला राजा अविचारी आहे. कुणी काही पराक्रम केला की तो म्हणतो, घे अर्धं राज्य. मग उरलेल्यातलं अर्धं दुसऱ्याला, त्यातलं अर्धं तिसऱ्याला. करता करता राजवाड्याचं अंगण तेवढं उरलं, म्हणून तो गालाला हात लावून बसला आहे. चिमटेवाला हा जमीन मोजायला आलेला मोजणीदार, त्याच्या हातात कंपास आहे. पदर धरलेल्या बायका धाकट्या जावयाला पाहून चाट पडल्या आहेत. आणि तुझा तो हात धरणारा धाकटा भाऊ, तोच तो जावई! राजाच्या बोटातली अंगठी ओढून काढतो आहे, अर्धी त्याच्या वाटणीची म्हणून.

बाहेर एकच गोंधळ उडाला. गाल सुजलेले आमचे पोस्टमन, जे लहानपणी याच उशीवर बसून हीच गोष्ट ऐकून तोंड उघडून बसले होते, ते आत आले आणि म्हणाले, "डॉक्टर, मग तेव्हा माझी दाढ काढायची गरज नव्हती का?" मी त्यांना कसंबसं समजावलं की राजाचा दात खोटा असला तरी तुमची दाढ खरी होती. माझ्या मदतनीस बाईंनी उभ्या उभ्या सगळी गोष्ट वाचून काढली आणि निकाल दिला, "छापलेली पाणचट आहे. आपली चांगली आहे." वकिलीणबाईंनी मात्र तोंड मिटून घेतलं. राजाचा दात काढला नाही, तर माझाही काढायचा नाही. मी म्हटलं, अगं, तुझ्या आत्याआजीने मला हे या पुस्तकातून वाचून दाखवलंय, ओळींवरून बोट फिरवत. मधेच थांबून म्हणायची, "इथे जरा थांबावं, असं लिहिलंय," आणि पाणी पिऊन यायची.

"तेव्हा आत्याआजी कितवीत होती?"

मी म्हटलं, "छे, तेव्हा तिला शाळेत कुठे घातलं होतं!"

बोललो आणि ऐकलं. ताई, हे गणित मी उभ्या आयुष्यात कधी मांडलं नव्हतं. तुला अक्षरओळखही नव्हती. आई कामावरून येईपर्यंत मला रडू द्यायचं नाही एवढी कामगिरी तुझ्यावर सोपवलेली, आणि तू एवढीशी पोर, चित्राकडे बघून जग रचत होतीस. "इथे थांबावं" म्हणजे तुला पुढचं सुचत नव्हतं! आणि मी, ज्याच्यावर घरातलं मांजरसुद्धा हुकूम चालवायचं, राजालाही आ करायला लावणारा माणूस व्हायचं म्हणून दातांचा डॉक्टर झालो. माझं सगळं करिअर एका मोजणीदाराच्या कंपासवर उभं आहे. नातीला उतरवून मी पेशंटच्याच खुर्चीत बसलो. राग नाही आला गं. पेशंटसमोर रडायची सवय नाही म्हणून खोकलो.

आता थोडं पत्रांबद्दल. (डोळ्यांबद्दल नाही. शब्द म्हणजे शब्द.) मागे मी तुला लिहिलं, न्हाणीघराचा पाइप फुटला, भिंत सगळी ओली झाली. तुझं उत्तर आलं, "वाचून फार आनंद झाला, असंच यश मिळत राहो." मग गुडघ्याबद्दल चार पानं लिहिली, चालवत नाही, जिना चढवत नाही. तू कळवलंस, "स्थळ चांगलं दिसतंय, पण घाई करू नका, आधी माणसं बघून घ्या." आणि ओळी अशा, की एकमेकींच्या खांद्यावर बसलेल्या. मला वाटलं, ताई वयाप्रमाणे विरक्त होत चालली. पण त्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तू माझी पत्रं वाचतच नाहीस. तू त्यांच्याकडे बघतेस आणि रचतेस. इथे जरा थांबावं, असं लिहिलंय.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, आई रोज सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचते, आणि हल्ली बातम्या फार रंगतदार असतात. "पाणी येणार नाही" या तुझ्या बातमीवर भरवसा ठेवून घरात सगळ्या बादल्या, पातेली आणि दोन फुलदाण्या पाण्याने भरून ठेवल्या म्हणे, आणि नळ मात्र दिवसभर धो धो वाहत होता. मोतीबिंदू पिकलाय असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय, तेही कळलं. आणि तू दवाखान्याच्या दारातून परत आलीस, एकदा चप्पल तुटली म्हणून आणि एकदा डॉक्टर फार तरुण दिसतो म्हणून. (सूनबाई, इथे थांब. तिला पाणी हवं का विचार.)

असो. मी अवाक्षर काढणार नाही म्हटलं होतं, ते एवढ्यापुरतं मागे घेतो. मोठ्यांना उपदेश करण्याची आपल्या घरात पद्धत नाही. थोरांना नमस्कार, धाकट्यांच्या दातांना आशीर्वाद.

तुझं,
शेपूट

ता. क. : पुढच्या सोमवारी सकाळची वेळ त्या तरुण डॉक्टरांकडे मी घेऊन ठेवली आहे. आदल्या दिवशी मी आणि वकिलीणबाई तुझ्याकडे पोचतो. पुस्तक बरोबर आहे. तिने लेखी अट घातली आहे: आधी आत्याआजीचा डोळा, मग माझा दात. डोळ्याची पट्टी सुटली की तू ते चित्र पुन्हा बघायचं आणि त्यात खरं काय चाललंय ते तिला सांगायचं. तू सांगशील ते तिला मान्य आहे, छापलेलं नाही. तोवर तो दात ती जिभेने धरून ठेवणार आहे. तेव्हा एका पोरीचं तोंड आता तुझ्या हातात आहे.

आणखी एक : कंसातलं सगळं सूनबाईने मोठ्याने वाचलं असेल. तसं आमचं फोनवर आधीच ठरलं होतं. तिच्यावर रागावू नकोस. कंसातलं काही तुझ्यापासून लपवायचं नव्हतंच. तुझ्यासाठी म्हणून लिहिलेलं तू कानाआड करतेस आणि दुसऱ्यासाठी लिहिलेलं कान टवकारून ऐकतेस, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

शेवटचं : तू घाबरली आहेस, हे मला कळतं. मी तिथे असेन, तुझ्या खुर्चीशेजारी. डॉक्टर तयार झाले की हात पुढे कर. बोटातली अंगठी तेवढी घरी काढून ठेव. मला नुसता हात धरायचा आहे, आणि बघणाऱ्याने मला जावई समजायला नको.