माशाचं काळीज आणि अ-दोन

चि. केरबास, थोरल्या भावाचा आशीर्वाद.

खंडाळ्यात तू आणि पोरं धडधाकट असाल असं धरून चालतो. इकडं आम्ही आहोत. बरे आहोत असं लिहायला पेन उचलत नाही. फोन सोडून कागद का, असं तुला वाटेल. फोनवर मी नुसतं 'डोळा' म्हटलं तरी तुझी वहिनी पदर खोचून पुढ्यात येऊन बसते.

झालं असं. दोन महिन्यांमागं कुपवाडच्या कारखान्यातून दिवेलागणीला गाडीवरून येताना रस्ताच दिसेना आणि मी गाडीसकट उघड्या गटारात बसलो. (पडलो नाही, बसलो. लोकांनी आधी फोटो काढले, मग मला.) वहिनीला सांगितलं, कुत्रं आडवं आलं. त्या कुत्र्याला ती अजून शिव्या घालते, बिचारं जन्मालाच आलेलं नाही. शेवटी शेजारच्या भार्गवीला गुपचूप विचारलं. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. म्हणाली, अ जीवनसत्त्व कमी असेल, तपासून घ्या. आणि बोलता बोलता सांगून गेली की या 'अ'चा एक धाकटा भाऊ असतो, अ-दोन. फारसा कुणाला ठाऊक नाही. गोड्या पाण्यातल्या माशांत सापडतो, गढूळ पाण्यात त्यांना त्याच्यामुळं दिसतं. शास्त्रातलं नाव तीन-चार-डायडीहायड्रोरेटिनॉल. माणसाला तो साध्या 'अ'पेक्षा कमीच लागू पडतो, असंही ती म्हणाली. पण तोवर माझं ऐकणं संपलं होतं. पुराच्या कृष्णेत ज्यानं माशाला दिसतं, त्यानं मला कुपवाडचा रस्ता दिसणार नाही व्हय?

औषधाच्या दुकानात गेलो. नावाची चिठ्ठी घरी राहिलेली. 'डायर... हायड्रो...' एवढंच तोंडातून निघालं, तर त्यानं जुलाबावरची पुडी दिली. (पाण्यात घालून प्यालो. आणलेली वाया कशाला?)

मग घाटावरचा गुंडा कोळी गाठला. एकोणीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ, केरबा. ती काढून खिशात टाकली आणि त्याच्या चुलीपाशी बसून नऊ दिवस माशाचं काळीज खाल्लं. गुंडा म्हणाला, "माळ उतरवून खातायसा, देवाला काय सांगणार?" मी म्हणालो, "देवाला समदं दिसतंय रं. मला दिसत न्हाई, त्याचं काय?"

दहाव्या दिवशी सदरा धुताना वहिनीला खिशात माळ सापडली. माशाचा वास मारणारी. मी भांडणाच्या तयारीनं बसलो होतो. ती म्हणाली, "आवं, मला सांगायचं हुतं की. मी रांधून घातलं असतं." तिच्याही गळ्यात माळ आहे, केरबा. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तीच मला सांगलीत डोळ्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. जीवनसत्त्व भरपूर निघालं. डोळ्यातला पडदाच कडेकडेनं मरत चाललाय. मधलं अजून दिसतं, म्हणून हे पत्र दुपारच्या उन्हात लिहितोय. यावर मासा नाही, गोळी नाही. गाडी बंद, कारखान्यातलं लेथ मशीन बंद. वहिनीनं माळ स्वच्छ धुऊन देव्हाऱ्यात ठेवलीय, मला रोज घाला म्हणते. मला तोंडाला अजून वास येतोय असं वाटतं.

तुझा,
लालासाहेब

ता.क. डायडीहायड्रोरेटिनॉल आता न अडखळता म्हणता येतं. कुणी विचारत नाही.

ता.क. दुसरा. फोनवर वहिनी पुढ्यात येऊन बसते, हे मी उगीच लिहिलं. हे फोनवरच सांगणार होतो. चार वेळा नंबर लावला आणि पोरांची चौकशी करून ठेवला. डॉक्टरांनी विचारलं होतं, पाठच्या भावंडांत कुणाला असं होतं का. मी नाही म्हणालो. घरी येऊन जेवायला बसलो तेव्हा तुझं दिवाळीतलं बोलणं आठवलं, की तुझ्या शाळेच्या बसचे दिवे हल्ली मंद लागतात आणि दोनदा बल्ब बदलूनही फरक नाही. दोष बल्बचा नसेल, केरबा. गाडीत चाळीस लेकरं असतात. पत्र मिळाल्या दिवसापासून चावी दुसऱ्याच्या हातात दे. त्याच डॉक्टरांकडं सोमवारचा नंबर तुझ्या नावानं लावलाय. एसटीनं ये, आणि दिवसाउजेडी ये.