दांड्यासकट बत्तीस

मंगळवार, संध्याकाळ. जळगाव जामोद.

आज यांनी मला खोटा आकडा लिहायला सांगितला, म्हणून वही काढली. यांची जुनी शिडाची होडी कोकणात धक्क्याला आहे. तिथे यापुढे तीस फुटांपर्यंतच्याच होड्या ठेवणार. जुन्या दाखल्यावर अठ्ठावीस आहे, पण ती नुसत्या धडाची लांबी. टोकापुढे निघालेला शिडाचा दांडा त्यात धरलेला नाही. धक्क्यावरच्या जागेच्या अर्जात विचारली आहे एकूण लांबी.

"दांडा म्हणजे होडी नव्हे. अठ्ठावीस लिही," हे पलंगावरून म्हणाले. पक्षाघात झाल्यापासून दोन वर्षं त्या होडीच्या नावावर घास गिळतात. जागा गेली तर ती विकावीच लागेल. यांचा उजवा हात गेलेला, म्हणजे सही माझी. दांडा धरला तरी मी अडकले, सोडला तरी अडकले.

यांचं अंग पुसायला येणारी नसीम हसली. "बाई, बैलाची बंडी गोठ्यात लावाची तं जू बाहीर ठेवतेत काय?"

"तू गप राय वो!" हे ओरडले.

मी दांड्याचे सहा फूट मिळवून चौतीस लिहिले. यांनी डाव्या हाताने कागद ओढला. "सहा कुठले? दोन फूट तर डेकवरच आहे. पुढे चारच निघतो. बत्तीस कर."

बत्तीस. तरी तीसच्या वरच. ते यांना बोलून झाल्यावर कळलं असावं. मी आकडा दुरुस्त केला.

नसीमकडे पोस्टासाठी दिलं: अर्ज आणि दाखल्याची प्रत. यांनी मला दिली: होडीच्या केबिनची किल्ली, उशीखालून काढून. मी मागितली नव्हती.