पांढरा डबा कपाटात

२ जून, सकाळ
हॉस्पिटलच्या कचऱ्याची जबाबदारी आजपासून माझ्याकडे. मोठे डॉक्टर म्हणाले, मेट्रन, तपासणीची कमिटी जुलैत येतेय, आता तुम्हीच तारा. तारीन. मदरच्या कॉन्व्हेंट शाळेत वर्गाच्या कपाटाची चावी माझ्याकडे असायची, ती काय उगीच?
संकल्प: महिन्याभरात वॉर्ड आरशासारखा.

५ जून
रक्ताळलेल्या पट्ट्यांची पिवळी बादली, प्लास्टिकच्या नळ्यांची लाल बादली, ठीक. पण पेशंटच्या उशाशी वापरलेल्या सुयांचा तो पांढरा डबा! माणूस बरा व्हायला येतो आणि उठता-बसता बघतो काय, तर सुया. डबा कॉरिडॉरच्या टोकाच्या कपाटात ठेवला. त्याच्या जागी फुलदाणी. मदरनी पाठ थोपटली असती.

६ जून
सूनबाई याच वॉर्डात नर्स. विचारत होती, आई, उघडी सुई हातात धरून एवढं लांब चालायचं? ड्यूटीवर मला मॅडम म्हणायचं ठरलंय, याची आधी आठवण करून दिली. मग तोडगा काढला. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं आणि मगच न्यायची. शाळेत पेनाला टोपण लावल्याशिवाय आम्ही बाकावरून उठत नसू. एकीच्याही फ्रॉकवर शाईचा डाग नाही.
ती म्हणाली, टोपण लावतानाच टोचते, ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा हेच सांगतात. हल्लीच्या ट्रेनिंगमध्ये शिस्त सोडून सगळं शिकवतात.
घरी येताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून घेतले. थकली असेल. नात दहा महिन्यांची, अजून अंगावर पिते.

१४ जून
टोपणं झकास. सुया आता अगदी निरुपद्रवी दिसतात. इतक्या की काही पोरी कपाटापर्यंत जातच नाहीत, सरळ लाल बादलीत टाकतात. बोलायला हवं. सोमवारी बोलेन.

१७ जून
बोलायचं राहिलं. पडदे शिवून आले. फिकट निळे, शाळेच्या चॅपलमध्ये होते तसे.

२१ जून, दुपार
सफाईच्या मावशींच्या मांडीत लाल पिशवीतून सुई घुसली. टोपण निघालं होतं. मावशी म्हणाल्या, मॅडम, इतकी वर्षं कचरा उचलते, पिशवी कधी चावली नव्हती. विनोदी आहेत. मी स्वतः जखम धुतली, चहा पाजला, पिशवी अंगापासून लांब कशी धरायची ते दाखवलं. रक्त तपासायचं का, विचारत होत्या. म्हटलं, कमिटी येऊन जाऊ दे, उगाच बोभाटा नको.
सूनबाई दारात उभी राहून ऐकत होती. मावशींचा हात धरला आणि त्यांना लॅबमध्ये घेऊन गेली. मला न विचारता!
डबा परत उशाशी आणावा का? पण पडद्यांशी मुळीच जात नाही.

३० जून
कपाटातला डबा गळ्यापर्यंत भरला. नवा मागवलाय, येईल. तोवर मीच तो धरून हलवला, जागा झाली. बाळाच्या खुळखुळ्यासारखा आवाज. दिवसभर कानातून जाईना.

४ जुलै, सकाळी अकरा
सूनबाईला टोचली. कोपऱ्यातल्या पलंगावरच्या पेशंटचं रक्त काढून टोपण लावत होती. मागून मी हाक मारली, एक पडदा वाकडा लागला होता म्हणून. तिने मान वळवली. हातमोज्याच्या आत एक थेंब. केवढासा तो.

संध्याकाळ
त्या पेशंटचा रिपोर्ट आला. चांगला नाही.

५ जुलै
पेशंटचा आजार तिला लागू नये म्हणून महिनाभराच्या गोळ्या सुरू केल्या. आणि तिचा स्वतःचा रिपोर्ट येईपर्यंत बाळाला अंगावर पाजायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. नातीला बाटली लावली. बाटलीने मुलं गुटगुटीत होतात.
मुलगा जेवला नाही. विचारत होता, आई, सुयांना टोपणं लावायला सांगितलं कोणी? म्हटलं, पद्धत आहे. कोणाची, म्हणाला. मी भाजी गरम करायला उठले.

११ जुलै
कमिटी आली. पडद्यांचं कौतुक झालं. मग त्यांच्यातल्या एकाने विचारलं, सुयांचा डबा कुठाय? कपाट उघडून दाखवलं. तो डब्यापासून चालत पलंगापर्यंत गेला, मग तसाच चालत परत आला. वहीत काहीतरी लिहून घेतलं. प्रभावित झाला असावा.

१२ जुलै
डबा परत पलंगांशी. टोपण लावणं बंद. कचऱ्याचं काम दुसऱ्या सिस्टरकडे दिलं. मोठ्या डॉक्टरांनी माझ्या वयाचा विचार केला असणार.

१९ ऑगस्ट, सकाळी दहा
आज सूनबाईचा रिपोर्ट. मावशींचाही. सोबत म्हणून मी रजा काढली. लॅबबाहेरच्या बाकावर तिघी बसलो, नात सुनेच्या मांडीवर. बोलावणं आलं तशी मीही उठले. सूनबाई म्हणाली, तुम्ही हिला धरा. मावशी आहेत माझ्याबरोबर.
दोघी आत गेल्या. दार लागलं. बराच वेळ झाला.
एका हाताने लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. बाटली पुढे केली, ती नातीने ढकलून दिली. माझ्या छातीशी तोंड घासून शोधतेय. अगं, माझ्याकडे काही नाही.